हाच ना पलीकडचा काठ?

वेदरली
१२ नोव्हेंबर, १८५३

रूफस,

तुझा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस. ज्याने दिला त्याने माझ्याकडून वचन घेतलंय, आणि प्रेंटिसांच्या घरात निदान बायका तरी शब्द पाळतात.

बातमी ही, की तुझे वडील निवडून आले. नवं वर्ष लागलं की जज्ज आसाहेल प्रेंटिस या राज्याचे गव्हर्नर होणार. काल चौकात डांबराची पिंपं पेटवली, बँड वाजला, आणि ज्यांनी कधी आपल्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं ते लोक माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून माझाच केक खात होते. पाद्रीसाहेबांच्या मिसेस लूमिस म्हणाल्या, "टॅबिथाबाई, आता काय बाई, राजवाड्यात जाणार तुम्ही!" मी म्हटलं, "राजवाड्यातही मोज्यांना भोकं पडतातच. रफू करणारी कुणीतरी लागतेच."

ते खूश आहेत का, ते मला सांगता येणार नाही. त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते मी, पण तू गेल्यापासून माझा हा धाकटा भाऊ मला कळेनासा झालाय. घरात तुझं नाव निघत नाही. हेस्टरचंही नाही. जेवताना आम्ही हवेबद्दल बोलतो.

मी तुझ्या बाजूची नाही आणि त्याच्याही नाही. पण त्या दिवशी तू कोर्टाच्या वरच्या सज्जात होतास, मी खाली बायकांच्या रांगेत, म्हणून मला दिसलं ते सांगते. हेस्टर आपल्या गावात इतकी वर्षं धुणी-इस्त्री करत होती की ती नदीपलीकडून पळून आलेली आहे, कागदावर कुणाची तरी गुलाम आहे, हे लोक विसरूनच गेले होते. मालक कागद घेऊन आला. नवा कायदा म्हणतो, कागद खरा असेल तर माणूस परत द्यायचं. तुझ्या वडिलांनी कागद वाचला, परत वाचला, पुस्तक उघडलं आणि पुस्तकातच बघत म्हणाले, "कायदा मी केलेला नाही. मी फक्त तो वाचतो." तेव्हा तू वरून ओरडलास, "मग एखादे वेळी माणूसही वाचा!" अख्खं कोर्ट मान वळवून तुझ्याकडे बघायला लागलं. त्याने मान वर केली नाही. तुझ्याकडे नाही, तिच्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

दुपारी तिला नदीपलीकडे परत नेताना मधल्या धारेत तिने होडीतून उडी घेतली. प्रेत मिळालं नाही. तू रात्रीच्या जेवणाला थांबला नाहीस.

तो तुझी आठवण काढत नाही, हे मी लिहिलंच. परवा मात्र माळ्यावर तुझे जुने बूट मांडीवर घेऊन त्यांना चरबी चोळत बसला होता. मला बघून म्हणाला, "चामडं तडकतं गं, टॅबी." बाकी काही नाही.

थंडीत छातीला फ्लॅनेल बांधत जा.

तुझी आत्या
टॅबिथा


राजधानी
९ एप्रिल, १८५४

रूफस,

इथे सगळं ठीक आहे. हे वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले, म्हणून आता खरं लिहिते.

आधी चांगलं सांगते. तुझे वडील उत्तम गव्हर्नर आहेत. वेड्या माणसांना तुरुंगात डांबत होते, त्यांच्यासाठी वेगळं इस्पितळ बांधायला घेतलंय. आंधळ्या मुलांच्या शाळेला छप्पर घातलं. स्वतःच्या पक्षाच्या लोकांनाही 'नाही' म्हणतात, आणि राजधानीत तो शब्द फार कुणाला येत नाही.

आता दुसरं. भेटायला येणाऱ्यांसाठी त्यांच्या कचेरीबाहेर एक लांब बाक होतं. फेब्रुवारीत एकदा ते सेक्रेटरीला म्हणाले, "व्हिटकम, ती बाकावरची केव्हाची थांबलीय. तिला आधी पाठवा."

व्हिटकमने डोकावलं. बाकावर दोन कंत्राटदार आणि एक लंगडा म्हातारा सैनिक. "बाई कुणी नाही, साहेब."

"नाही कसं? त्या टोकाला बघा."

व्हिटकम भला माणूस आहे. म्हणाला, "उठून गेली वाटतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर त्यांनी बाकच उचलायला लावलं. आता लोक ताटकळत उभे राहतात, आणि पेपरवाले लिहितात की गव्हर्नरसाहेबांना खुर्ची चढली.

पण बाक गेलं म्हणून ती गेली नाही. परवा सकाळी, चांगलं लख्ख ऊन आत आलेलं असताना, अंडं फोडता फोडता आसाहेल मला म्हणाला, "टॅबी, बुडालेलं माणूस कोरडं असतं का गं?"

"जेवताखाताना असलं काय विचारतोस?"

"ओलं असायला हवं ना? ही कोरडी खडखडीत आहे. मान खाली घालून बसते. आणि तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत."

स्वयंपाकीण हॅना किटली घेऊन आत येत होती, ती दारातच थबकली. नंतर चुलीपाशी माझ्या कानाला लागली, "बाईसाहेब, माझी आजी सांगायची, ज्याला कुणी पुरलं नाही त्याचे पाय टेकत नाहीत." मी म्हटलं, "तुझी आजी काय सांगायची ते राहू दे, पाव करपतोय तो बघ." पण रूफस, हेस्टरला कुणी पुरलं नाही, हे खरंच आहे ना.

मी डॉक्टरांना बोलावणार होते. बोलावलं नाही. डॉक्टर बोलके असतात आणि राजधानीच्या भिंती त्याहून.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाहीये, असं समज.

टॅबिथा आत्या


राजधानी
२० ऑगस्ट, १८५५

रूफस,

हे वाचलंस की जाळ.

नदीपलीकडच्या राज्याच्या गव्हर्नरांकडून मागणी आलीय. तुझी. तू एका गुलाम बापाला, आईला आणि त्यांच्या तान्ह्या मुलाला नावेत घालून अलीकडे आणलंस, ही त्यांच्याकडे चोरी. चोर या राज्यात लपलाय, तेव्हा या राज्याच्या गव्हर्नरांनी त्याला बांधून द्यावा. खाली सही-शिक्का, आणि कागद ज्याच्या नावे आलाय तो तुझा बाप.

दोन दिवस कागद टेबलावर पडून होता. मी तिसऱ्या दिवशी सरळ कचेरीत गेले. व्हिटकम हजर होता, तो उठून जायला लागला तर मी म्हटलं, "बस रे बाबा, तुझ्यापासून काय लपलंय."

"काय करणार आहेस, आसाहेल?"

"कागद बिनचूक आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"मी कागदाचं विचारलं नाही."

"टॅबी, तिच्या वेळी मी म्हटलं होतं, मी फक्त कायदा वाचतो. आता पोटचा पोरगा आला म्हणून कुठल्या तोंडाने सांगू की मला वाचता येत नाही?"

"त्याच तोंडाने. देवाने दुसरं दिलंय का कुणाला?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची होती, तिच्याकडे बघत होता. मी आजवर कधी विचारलं नव्हतं, तेव्हा विचारलं, "ती काय म्हणते?"

"काही नाही. वाट बघते."

मग त्याने लेखणी उचलली. लिहिलं असं, की आमच्या राज्याच्या कायद्यात माणूस ही मालमत्ता नाही, म्हणून माणूस चोरणं असा गुन्हाही इथे होत नाही, सबब मागणी अमान्य. व्हिटकमला नक्कल करायला दिलं. व्हिटकम वाचत राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे वाक्य... वेदरलीच्या त्या खटल्यात..."

"वाक्य पुरं कर, व्हिटकम."

"तेव्हाही पुस्तकात होतंच ना, साहेब?"

"होतं," तुझे वडील म्हणाले.

सांगायला हवं म्हणून सांगते: त्या एका शब्दानंतर ते म्हातारे झाले. सकाळी कचेरीत गेलेला माणूस एक होता, तिथून घरी आलेला वेगळाच.

बातमी फुटायची ती फुटलीच. पलीकडचे त्यांना शिव्या देतात ते ठीक. पण आपल्याकडचे, ज्यांना गुलामगिरी नको आहे तेही फाटकापाशी येऊन ओरडतात. काल पोरासोरांनी गाणंच केलं होतं: "परक्याची नदीत, आपला गादीत!" मी खिडकी लावून घेतली. तो म्हणाला, "उघड टॅबी. बरोबर म्हणतायत."

तू आता या राज्यात राहू नकोस. पुढच्या गव्हर्नरला बहीण नसेल. कॅनडात जा.

टॅबिथा


वेदरली
१५ फेब्रुवारी, १८५७

रूफस,

तुझं पहिलं पत्र मिळालं. चार वर्षांनी. मी ते पिठाच्या डब्यामागे लपवलं, जणू मी सोळा वर्षांची पोर आहे.

इकडचं असं, की पक्षाने त्यांना दुसऱ्यांदा उभं केलं नाही. निरोपाच्या भाषणाला सभागृहात निम्मी बाकं मोकळी होती. आम्ही वेदरलीला परत आलो, आणि मला वाटलं, आता हा सफरचंदाच्या बागेत काठी टेकत हिंडेल. तर वर्षाच्या आत राज्याच्या वरच्या कोर्टात जागा रिकामी झाली आणि वकिलांनी त्याचं नाव पुढे केलं. गव्हर्नर म्हणून वाईट, पण जज्ज म्हणून कागदाला पक्का! तो नको म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "टॅबी, मला दुसरं काय येतं?" तर तुझे वडील पुन्हा काळा झगा घालून बसतात. आणि ती पुन्हा समोर, लोकांच्या बाकांवर, तिसऱ्या रांगेत.

तुझं पत्र कडू आहे. त्यांनी तुला वाचवलं त्याचे उपकार तू मानत नाहीस. जे तुझ्यासाठी केलं ते तिच्यासाठी करायचं होतं, असं म्हणतोस. मी वाद घालत नाही.

पण खाली, ताजा कलम म्हणून, जणू आठवलं म्हणून लिहिलंस की हेस्टर जिवंत आहे! की तिला एका कोळ्याने जाळ्याच्या दोरीला धरून नावेत ओढलं, की ती तुझ्याच गावात कपडे धुते, की गेल्या आठवड्यात तुझ्या सदऱ्याला तिने बटण लावून दिलं. अरे गाढवा, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

मला वाटलं, आता सुटला माझा भाऊ. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत मी आठवडा काढला. शेवटी काल सकाळी तो दाढी करत होता तेव्हा बोलूनच टाकलं. "आसाहेल, हेस्टर मेलेली नाही. कॅनडात आहे. धडधाकट आहे. रूफस तिला रोज भेटतो."

वस्तरा गालावरच थांबला. मी वाट बघत होते, तो रडेल, देवाचे आभार मानेल. तो आरशातून माझ्या मागे, खिडकीजवळच्या पेटीकडे बघत होता.

"मग ही कोण?" तो म्हणाला.

टॅबिथा


वेदरली
३० ऑक्टोबर, १८५८

रूफस,

तुझ्या कॅनडाहून आम्ही सुखरूप घरी पोचलो. 

तू आम्हाला हेस्टरच्या दारापर्यंत आणलंस आणि घोड्याचा लगाम धरून बाहेरच थांबलास. "मी येत नाही आत, आत्या. हे त्यांचं त्यांनी बघावं." ठीक. मग ते बाहेर आले आणि तुझ्या अंगावरून सरळ पुढे चालत गेले, आणि तू म्हणालास, "बघितलंस? अजून तोच ताठा." ताठा नव्हता रे. तू आत काय झालं ते विचारलं नाहीस, म्हणून न विचारता सांगते.

ती इस्त्री करत होती. आम्हाला बघून थांबली नाही. "बसा टॅबिथाबाई," म्हणाली. मला म्हणाली, त्याला नाही. गुडघे दुखतात का विचारलं. चोळायला लिनिमेंटचं तेल कुठलं लावता विचारलं. ती तशीच आहे, उंच, रुंद खांद्यांची, कपाळावर तो भाजल्याचा डाग.

तुझे वडील टोपी हातात घेऊन उभे. तिच्याकडे बघत होते, आणि मी बघत होते त्यांच्याकडे, आणि मला दिसलं की त्यांना काही ओळखच पटत नाहीये. माझ्याकडे वळून म्हणाले, "टॅबी, ही ती नव्हे."

"अरे असं काय करतोस, हेस्टरच आहे ही! आपले कपडे न्यायला दर सोमवारी मागच्या दाराशी यायची."

हेस्टर म्हणाली, "राहू द्या, बाई. त्या दिवशी ते जी कॉलर घालून बसले होते ना, तिला खळ मीच घातली होती. शनिवारी. पण कॉलर कुणी ताठ केली ते जज्जसाहेबांनी बघायचं काय कारण?" इस्त्री पुढे-मागे चालूच. "मी कोण नव्हे म्हणताय?"

त्यांच्याआधी मी सांगितलं. कोर्टातलं, राजधानीतलं, बाकाचं, सगळं. तिने इस्त्री चुलीवर उभी केली.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्यासमोर बसून होते? जज्जसाहेब, मला माझ्या स्वतःच्या घरात बसायला फुरसत नाही." हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. मग, शेजारणीचं पोर हरवल्यावर विचारावं तसं विचारलं, "दिसते कशी?"

त्यांनी पहिल्यांदाच नीट सांगितलं. मलाही कधी सांगितलं नव्हतं. बारीक आहे. केसांच्या दोन वेण्या, त्यांना सुतळी बांधलेली. झगा मोठ्या बाईचा कापून केलेला. मान खाली. पाय टेकत नाहीत.

हेस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. "बाकावर बसल्यावर पाय टेकत नाहीत म्हणजे पोर आहे ती," म्हणाली. "भूतबित काही नाही. पोर आहे. कुणाची होती?"

रूफस, मी माझ्या भावाला आईच्या मातीला, तुझ्या आईच्या मातीला, कोरड्या डोळ्यांनी उभं राहिलेलं पाहिलंय. तो तिथे, धुतलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी, जमिनीवर बसला. खुर्ची होती. जमिनीवर बसला.

आणि तिथे बसून त्याने सांगितलं ते असं: तू तेव्हा पाळण्यात होतास. तो नुकता गावचा मॅजिस्ट्रेट झाला होता. नवा कायदा यायचा होता, पण जुनाही होताच, आणि त्यालाही एक सही पुरायची. रविवार होता, आम्ही सगळे चर्चला पुढे गेलो होतो आणि तो उशिरा निघणार होता. गॉल्ट नावाचा नदीपलीकडचा एक जमीनदार घोड्यावर पुढ्यात एक मुलगी घेऊन आला. पळालेल्या पोरीला परत न्यायला सही हवी होती. आसाहेलने तिला ओसरीच्या बाकावर बसवलं आणि आत दौत आणायला गेला. बाहेर आला तेव्हा तिने मान वर केली आणि विचारलं, "साहेब, हाच ना पलीकडचा काठ?" तिला कुणीतरी सांगितलं असणार, नदीच्या पलीकडच्या काठाला लाग, की सुटलीस.

"तुम्ही काय म्हणालात?" हेस्टरने विचारलं.

"हो म्हणालो. हाच, म्हणालो. आणि सही केली. चर्चची घंटा व्हायच्या आत पोचलो."

त्याचा कुठे बोभाटा झाला नाही. पेपर नाही, सज्जातून ओरडणारं कुणी नाही. हेस्टरच्या नावाने आपण सगळे एकमेकांना सोडून गेलो, आणि ही मधे बसून होती. तो स्वतःसुद्धा तिला विसरला होता. ती तेवढी विसरली नव्हती.

शेवटी तो हेस्टरला म्हणाला, "मला माफ करता येईल का?"

तिने इस्त्री पुन्हा उचलली, थुंकी लावून तापलीय का बघितलं. "माझ्यापुरतं विचारत असाल, तर नाही. मी नदीतून बाहेर आले ते कोळ्यामुळे, तुमच्यामुळे नाही. आणि तिच्या वतीने मी कोण बोलणार? तिचं नाव काय होतं?"

त्याला माहीत नव्हतं.

"मग ते आधी बघा," ती म्हणाली, आणि मला विचारलं, "चहा घेणार, बाई?"

म्हणून तो तुझ्यासमोरून तसा गेला. त्याला तू दिसला नाहीस.

टॅबिथा आत्या


वेदरली
४ जून, १८६०

रूफस,

पेपर तुझ्याकडे पोचले असतील, त्यातलं निम्मं खोटं आहे. मी क्रमाने सांगते.

गेल्या उन्हाळ्यात तो नदीपलीकडे गेला, गॉल्टांच्या मळ्यावर. मीही गेले, कारण त्याला एकट्याला आता पायरी दिसत नाही. म्हातारा गॉल्ट केव्हाच वारला. बायको आहे, व्हरांड्यात पंखा हलवत बसलेली. आमचं स्वागत चांगलं केलं, माजी गव्हर्नर म्हणून. त्याने विचारल्यावर म्हणाली, "कुठली मुलगी? आमच्याकडे पुष्कळ होत्या."

"पळाली होती. परत आणली. वेण्यांना सुतळी."

"एवढी जुनी गोष्ट! तेव्हा एका हिवाळ्यात तापाने काही पोरं गेली, त्यातलीच असेल."

"नाव?"

"अहो, नाव कुठलं आता आठवायला? बसा ना, गार काहीतरी घ्या."

तिच्या परवानगीने तो झोपड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारत फिरला. त्यांनी टोप्या काढल्या आणि म्हणाले, माहीत नाही साहेब. माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. मी त्यांच्या जागी असते तर तसल्या माणसाला तिचं नाव दिलं नसतं.

मग यंदा मार्चमध्ये तो खटला आला. आयझाया म्हणून एक पिंपं बनवणारा, पळून आलेला, दंडाएवढ्या बेड्या घातलेला. कोर्ट खच्चून भरलेलं, नदीपलीकडचे वकील, कागद बिनचूक. मी बायकांच्या रांगेत. माझा भाऊ बसला, पुस्तक समोर होतं ते त्याने मिटलं. चष्मा पुसला आणि त्या माणसाकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की लोक खाकरायला लागले.

"तुमचं नाव?"

"आयझाया, साहेब."

"आईचं?"

तो माणूस बुचकळ्यात पडला. "रोडा. आई रोडा, साहेब."

"सकाळपासून काही खाल्लंत का?"

समोरचा वकील उठला, "महाराज, याचा खटल्याशी काय संबंध?"

"खाली बसा," तुझे वडील म्हणाले. आवाज पूर्वीचा नव्हता, पण ऐकू येत होता सगळ्यांना. "या राज्यात मी दोन माणसं परत पाठवली. एकीचं नाव हेस्टर. ती जिवंत आहे ती माझ्या कृपेने नव्हे, माझ्यामुळे तर ती मरता मरता वाचली. दुसरी लहान मुलगी होती. तिचं नाव मला सांगता येत नाही, कारण मी विचारलं नाही. कायदा तेव्हाही मी वाचला, आजही वाचलाय. तिसरं माणूस पाठवणार नाही. बेड्या काढा. दार उघडा."

शिपायाने बेड्या काढल्या. मग वरच्या सज्जातून इतका कल्लोळ झाला की छताचा चुना पडला. आयझायाला लोकांनी उचलूनच नेलं. तो आता तुझ्याकडच्याच बाजूला पोचला असेल. पिंपं लागली तर त्याच्याकडून घे.

बाकी तुला माहीत आहे. विधानसभेने चौकशी बसवली, कायदा मोडला म्हणून त्याला काढलं. व्हिटकम साक्षीला आला आणि त्याच्या बाजूने बोलला, उपयोग झाला नाही. त्याच्या तसबिरीही उतरवल्यात म्हणे, कोर्टातली आणि सभागृहातलीही. त्याने विचारलंही नाही.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं होतं की आता त्याला शांती लाभेल. आता जे सांगते तेवढ्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या मंगळवारी न्याहारीला तो आला आणि दारातच थांबला. खुर्चीकडे बघितलं, खिडकीकडे, पेटीकडे. "टॅबी, ती आज आली नाही."

"देव पावला," मी म्हटलं.

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. मग घरभर फिरला. कोठीत बघितलं, जिन्याखाली वाकून बघितलं, ओसरीवर गेला. शेवटी टोपी घालून कोर्टात गेला. नवे जज्ज बसले होते, काम चालू होतं. कारकून नंतर मला सांगत होता, म्हातारा दारात उभा राहून एकेक रांग निरखत होता आणि हळू आवाजात विचारत होता, "इथे एक लहान मुलगी आली होती का?" लोकांनी त्याला धरून घरी आणलं. काहींनी मागे बोट फिरवून डोकं फिरल्याची खूणही केली.

त्या दिवसापासून ती आलेली नाही. तो रोज वाट बघतो. काल दुपारी मी त्याच्याजवळ पायरीवर बसले. पलीकडे नदी उन्हात चकाकत होती. म्हटलं, "गेली ते चांगलं झालं ना रे? एवढी वर्षं छळलं तिने तुला."

तो म्हणाला, "तिने कधी छळलं? ती नुसती बसायची. निदान मी तरी तिला बघत होतो, टॅबी. अख्ख्या जगात तिला बघणारा मी एकटाच होतो. आता कुठे असेल ती?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. नसेल तरी ये. घरात आता आम्ही दोघंच आहोत.

तुझी आत्या
टॅबिथा